भोंग्यावरचं नाव

सुरवाड्यांच्या घरात भरिताचा दिवस ठरला की वाद वांग्यापासून सुरू व्हायचा. बामणोदची आणली की बाजारातली, पांढरी की हिरवट. या वर्षी मात्र तो पाण्यापासून सुरू झाला.

"वहिनी, हे काय? लग्नाचा मांडव टाकलाय का?" दीपमालाने निळ्या ड्रमवर चापट मारली. ती धुळ्याहून पहिल्या एसटीने धरणगावला उतरून थेट माहेरच्या शेतात आली होती, आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिला काठोकाठ भरलेले दोन ड्रम दिसले होते. "भरीत करायचंय की अंघोळी?"

"आधी भरीत, मग तुमची अंघोळ," कामिनी म्हणाली. "ठराव आहे ताई. जाळ करायचा तर पाणी हाताशी पाहिजे."

"ठराव गावाला. आपल्याला कशाला?"

"आपण काय गावाबाहेर राहतो?"

दीपमाला हसली, पण पुरतं नाही. थोरली वहिनी सरपंच झाल्यापासून तिच्याशी नेमकं कसं बोलायचं हे तिचं अजून ठरलं नव्हतं. निवडणुकीच्या मिरवणुकीत तिनेच सगळ्यात जास्त गुलाल उधळला होता, ते वेगळं.

कामिनीने खड्डा सकाळीच खणून घेतला होता. भोवतीची माती फावड्याने ओढून बोडकी केली होती, गवताची काडी राहू दिली नव्हती. शेजारच्या हबीबभाईंना आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. बांधापलीकडे त्यांचा गहू ओंब्यांवर आला होता. पिवळा पडायला लागलेला गहू आणि फेब्रुवारीचा वारा, म्हणजे ठिणगीला आमंत्रणच.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत तिने हा ठराव मांडला तेव्हा निम्मं गाव तोंडावर हसलं होतं. पराटी जाळायची नाही? मग कापूस निघाल्यावर ती वाळकी झाडं ठेवायची कुठे, डोक्यावर? कामिनी उभी राहिली आणि मागच्या वर्षी जळालेल्या गोठ्याबद्दल बोलली. कोणाच्या तरी शेतातली पेटवलेली पराटी, वारा फिरला, गावाच्या शेवटच्या आळीतला गोठा गेला, आत बांधलेलं पारडू गेलं. ते पारडू कसं ओरडत होतं हे सांगायची गरज पडली नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं.

तेव्हा मागच्या खुर्चीवरून तिचे सासरे उठले होते.

"दंड ठेवशात तं लोके दंड भरतीन नि जाळतीन," आबा म्हणाले होते. "तुमले खरंच बंद करनं शे? मंग नाव घ्या. भोंगावर. सकायले, पानीना टाइमले. ज्यानं वावर, त्यानं नाव. बठ्ठा गावले आयकू येऊ द्या."

सभा खदखदून हसली होती. कारण दरवर्षी भरीत खाऊन झालं की पराटीचा सगळ्यात मोठा ढीग पेटवणारे आबाच होते. आणि त्यांच्या सुनेने लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. आबांचं नाव आधार. पंचायतीत कार्डांचा कॅम्प लागला की सरपंचबाई "ते ओळखीचं कार्ड आणा" म्हणायच्या आणि गाव गालातल्या गालात हसायचं. आता बघू, असं आबांच्या डोळ्यांत होतं. बघू, कशी घेते.

कामिनीने तेच शब्द जसेच्या तसे ठरावात लिहून घेतले होते.

*

आधार आबा पराट्या रचत होते. हे काम ते कोणाला देत नसत. जाड खालती, बारीक वरती, मध्ये वाऱ्याला वाट. वांगी त्या जाळात अशी पडली पाहिजेत की साल काळी पडावी, पण आतला गर दुधासारखा राहावा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते भरीत म्हणत नसत, शिजवलेलं वांगं म्हणत.

त्यांच्या पाठीमागे, उकिरड्याच्या अलीकडे, उपटलेल्या पराटीचा ढीग होता. गावातल्या बाकी ढिगांचा कुट्टी मशीनने भुगा झाला होता, तो शेतात पसरूनही झाला होता. राहिला होता हा एक. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण त्या ढिगाकडे बघायचा आणि मग आबांकडे.

"आबा," समाधान जवळ उकिडवा बसला. थोरला मुलगा, शेती तोच बघायचा. आवाज त्याने खाली ठेवला होता. "आज ढिगाला हात लावू नका. तिची मान खाली जाईल."

"तू कोना पोऱ्या शे? मन्हा का तिन्हा?"

"तुमचा पोऱ्या, तिचा नवरा. माझ्याइतकं वाईट कोणाचंच नाही बघा."

आबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत ठेवलं.

तेवढ्यात धाकटा प्रशील मोबाइल घेऊन आला. तो जळगावला पिंप्राळ्यात राहायचा, कंपनीत होता, आणि त्याला सगळ्या गोष्टींचे आकडे माहीत असायचे. "आबा, हे बघा. जळगावची हवा आजची. हा लाल रंग म्हणजे..."

"तुन्हा मोबाइलमां वांगं भाजाई जाई का?"

"नाही."

"मंग खिशामां ठेव."

वांग्यांना तेलाचा हात लावत कामिनी आली. आबांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "सरपंचबाई, बोंडअळी तुमना ठरावले भीस का? त्या ढिगामां ती झोपेल शे. पराटी जाळा, अळी मारा, असं सरकारी मानूसच सांगी जाये. आम्ही काय येडा होतूत?"

हा प्रश्न खरा होता. कामिनीला ते ठाऊक होतं, म्हणून ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"वेडे नव्हते आबा. तेव्हा तेच बरोबर होतं. पण कुट्टी केली तरी अळी मरते. आणि भुगा मातीत जातो, धूर लेकरांच्या छातीत जात नाही."

"मशीन कोठे शे मग? बठ्ठा गावनं झायं. सरपंचना घरनं ऱ्हायनं!"

"हो, राहिलं," कामिनी म्हणाली. "मीच शेवटी लावलं. पहिलं लावलं असतं, तर पारावर तुम्हाला काय काय ऐकायला लागलं असतं?"

आबांनी एक पराटी उचलली, वाकवून पाहिली, कडकन मोडली आणि रचली. अशीच होती त्यांची आई. पंगतीत स्वतःच्या पोरांना सगळ्यात शेवटी वाढायची. त्या वेळी पोटातून राग यायचा. पुढे, मोठं झाल्यावर, गावात तिचं नाव निघालं की बसलेले लोक सरळ होऊन बसत.

त्यांनी काडी ओढली. जाळ चढला, वाऱ्याला मिळालेल्या वाटेने सरळ वर गेला, आणि वांग्यांची साल तडतडायला लागली.

*

वृषालीला कामिनीने मुद्दाम निंबाखाली बसवलं होतं. "वारा इकडून तिकडे आहे. धूर तुझ्याकडे यायचा नाही," एवढं म्हणून ती गेली होती. धाकट्या जावेने, प्रशीलच्या बायकोने, ते मनात धरून ठेवलं. दिवाळीत तिच्या तान्ह्या संघमित्राला, मितूला, छातीत घरघर सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी तिला काही ना काही सांगितलं होतं. ओवा शेक, वेखंड घास, तू काय खाल्लंस? वारा कुठून येतो हे फक्त या बाईने बघितलं होतं.

मितू पदराखाली दूध पीत होती. प्यायचं थांबून मध्येच एक डोळा बाहेर काढायची, पानांतली ऊन-सावली बघायची, पुन्हा आत. तिच्या टाळूवरची मऊ जागा श्वासाबरोबर हलत होती. वृषाली तिच्याकडे बघत होती, आणि सवयीने सगळ्यांकडेही. लेकरू मांडीवर असलं की लोक आईला विसरतात. तिच्यासमोर वाटेल ते करतात.

म्हणून तिला दिसलं. वांगी काढून झाली होती, आबा एकटे ड्रमाशी हात धूत होते. त्यांनी ढिगाकडे एकदा नीट पाहिलं, कुरवाळल्यासारखं. मग खिशातून काडेपेटी काढली, तळहातावर उडवून झेलली आणि ड्रमात टाकली. बोटाने खाली दाबली. हात झटकत वळले तर समोर वृषाली. गुळाच्या डब्यात हात घालताना धरलेलं आठ वर्षांचं पोर बघतं, तशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मितू झोपनी का?" त्यांनी विचारलं.

"झोपतेय आबा," ती म्हणाली.

मग भरीत. अक्कांनी, म्हणजे आबांच्या बायकोने, लाकडी बडगीत वांगी ठेचली, मिरच्या-लसूण ठेचला, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कडकडीत तेल. कळण्याच्या भाकरी. दीपमालाने तिसरी भाकरी घेताना जाहीर केलं की धुळ्यात असं भरीत कोणाच्या बापाला जमत नाही, आणि मग सासूबाईंना सांगू नका म्हणाली. सालदार उखर्डूदादा पंगतीतच बसले होते. प्रशीलने ठसका लागेपर्यंत खाल्लं आणि मोबाइल खिशातून काढला नाही.

जेवणं झाली. अक्का उठल्या. खड्ड्यातली राख त्यांनी घमेल्यात भरली, डोक्यावर घेतली आणि उकिरड्याकडे चालल्या. भरिताची राख उकिरड्याला, हे त्या लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. वृषालीने त्यांना जाताना पाहिलं आणि तिला त्यात काही वाटलं नाही. कोणालाच वाटलं नसतं. ठरावात जाळ होता, खड्डा होता, पाणी होतं. राख नव्हती.

राखेच्या पोटात निखारा होता.

मितूचे डोळे मिटत आले होते, तेव्हा वृषालीच्या गालाला वारा दुसऱ्या बाजूने लागला. तिने मान वर केली.

"ताई!" ती ओरडली, मितू दचकली. "ताई, धूर! ढिगातून!"

*

कामिनीला नंतर आठवलं ते एवढंच की कोणी कोणाला काही सांगितलं नाही. उखर्डूदादांनी एक ड्रम एकट्याने काठाला धरून, तिरपा फिरवत पुढे नेला. बादल्या, घमेली, भाकरीची परात, जे हाताला लागलं ते. दीपमालाने साडी खोचली आणि ज्या ड्रमाला हसली होती त्यातूनच वाकून वाकून पाणी काढत होती. आबा आणि समाधान ढिगाची न पेटलेली बाजू काट्यांत हात घालून ओढत होते. आग बांधाच्या गवतात शिरली तसा प्रशील ओला गोणपाट घेऊन त्यावर पडलाच म्हणायचा. पलीकडून हबीबभाई ट्रॅक्टरला लावलेली फवारणीची टाकी घेऊन आले, आणि त्यांची सून खुशनुमा नळी धरून बांधावर उभी राहिली.

गहू वाचला. बांधावर काळा पट्टा उठला आणि तिथेच थांबला. ढीग निम्मा गेला. पण धूर वर गेला होता, सरळ, जाड, आणि गावातल्या प्रत्येक गच्चीवरून तो दिसला असणार.

सगळे धापा टाकत उभे राहिले. आणि मग सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

"सांगितलं होतं ना आबा!" समाधानचा आवाज फाटला. "पाया पडून सांगितलं होतं! एक वर्ष, एक वर्ष धीर नाही धरता आला?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पोराला खुलासा?

"त्यासनी काही नही करं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात रिकामं घमेलं अजून होतं. "राख मी टाकी. दरसाल टाकस तशी."

"आबांनी काडेपेटी केव्हाच ड्रमात टाकली होती," वृषाली निंबाखालून म्हणाली. "मी बघितलं."

समाधानने ड्रमात वाकून हात घातला. तळाशी उरलेल्या पाण्यातून लगदा झालेली काडेपेटी वर आली. तो ती हातात धरून उभा राहिला. मग बापासमोर जाऊन म्हणाला, "आबा, चुकलो." आबांनी त्याच्या खांद्यावरची राख झटकली. बस, एवढंच.

"पण गावाला काय सांगायचं?" दीपमालाचा श्वास अजून बसला नव्हता. ती वहिनीजवळ सरकली, आवाज खाली केला. "वहिनी, बघ. अपघात आहे हा. अक्काचं किंवा आबांचं नाव या वयात भोंग्यावर? म्हणावं, उखर्डूदादाची बिडी पडली. ते काही म्हणायचे नाहीत, त्यांचं काय..."

"दीपमाला!"

आबा तिला एरवी माला म्हणत. पूर्ण नाव ऐकून ती वहिनीपासून एक पाऊल मागे सरकली.

"त्याना हात दख," आबा म्हणाले.

उखर्डूदादांचे तळवे ड्रमाच्या काठाने सोलून निघाले होते. ते लगबगीने हात मागे घ्यायला लागले. दीपमालाने पाहिलं, तिचे डोळे भरले, आणि ती पिशवीतलं खोबरेल आणायला गेली.

हबीबभाई ट्रॅक्टरवरून उतरले. "सरपंचबाई, माझ्याकडून तक्रार नाही. गहू उभा आहे. आबा माझ्या वडिलांच्या जागी आहेत. कोणी विचारलं तर मी म्हणेन, काही झालंच नाही."

"धूर सगळ्यांनी पाहिला हबीबभाई."

"धुराला नाव असतं का?"

"या वर्षीपासून आहे," कामिनी म्हणाली.

समाधान तिच्याजवळ आला. "अक्काची चूक. ठरावात राखेचं काही नाही. तू सोडून दिलंस तरी नियमात बसतं."

"बसतं. आणि पुढच्या वर्षी प्रत्येक ढीग राखेनेच पेटतो. मग मी कोणाला काय विचारू?" तिने पदराने कपाळ पुसलं, काजळी अजूनच पसरली. "राखेचं मी लिहायला विसरले. ते पुढच्या सभेत घालते. पण ठरावात राख टाकणाऱ्याचं नाव नाहीये. ज्याचं वावर, त्याचं नाव."

ते वाक्य कोणाचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

आबा पुढे आले. भुवया जळून अर्ध्या झाल्या होत्या. "वावर कोनं शे?"

"तुमचं, आबा."

"मंग? घेशी नाव?"

नियम कामिनीला येत होता, ठराव येत होता, तहसीलदारांसमोर ती अडखळली नव्हती. पण ते तीन अक्षरांचं नाव तिच्या जिभेने कधी उचललंच नव्हतं. आईने सासरी पाठवताना पहिली हीच गोष्ट सांगितली होती.

"सकायले दखूत," आबा म्हणाले आणि गावाच्या वाटेला लागले.

*

पंचायतीच्या खोलीत ताईबाईने भोंग्याचं बटण दाबलं. ताईबाई झाडलोट करायची आणि भोंगाही तीच सांभाळायची. "सरपंचताई, मी वाचू का? मला कोण काय म्हणणार? तुम्ही नुसतं बसा."

"नको. मीच."

दारात चपलांचा आवाज झाला. आबा. अंगात पांढरा कडक शर्ट, जो फक्त जयंतीला बाहेर निघायचा. दाढी ताजी केलेली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला त्यांनी हात जोडले, लोखंडी खुर्ची ओढली आणि माइकपासून हातभर अंतरावर बसले.

"आबा, तुम्ही कशाला..."

"मन्हं नाव निघी ऱ्हायनं. मी घर बठू?"

कामिनीने माइक जवळ ओढला. "ग्रामस्थांना जयभीम, नमस्कार, सलाम. आज पाणी वरच्या आळीला आधी, खालच्या आळीला नंतर सुटेल." हे रोजचं होतं, सरळ गेलं. "काल दुपारी आपल्या शिवारात उघड्यावर पराटी पेटली. आग विझवली, कोणाचं नुकसान नाही. गरम राख उकिरड्यावर टाकल्याने ढीग पेटला. यापुढे राखेवर पाणी मारल्याशिवाय ती खड्ड्याबाहेर काढायची नाही. ठरावाप्रमाणे शेतमालकाचं नाव..."

भोंगा खरखरला. गावभर ती खरखर पसरली, आणि नळांवरची भांडी वाजायची थांबली.

तिने आबांकडे पाहिलं. ते ताठ बसले होते. त्यांनी हनुवटी किंचित वर केली, सभेत बोलायला उठताना करत तशी.

"आधार," ती म्हणाली. "आधार सुरवाडे."

आबा पुढे वाकले. माइक चालूच होता.

"बापनं नाव ऱ्हायनं. पूर्ण घे. आम्ही काय बिनबापना शेत का?"

खालच्या आळीतून कोणाचं तरी हसू आलं आणि लगेच थांबलं. कामिनीने श्वास घेतला. या वेळी शब्द जिभेवर आपणहून आला, स्वच्छ, ठसठशीत, शाळेत हजेरी घेतात तसा.

"आधार दौलत सुरवाडे."

"आता बरोबर," आबा भोंग्यावर म्हणाले. "नि आयका. आज मशीन मन्हा वावरमां शे. ज्यानी ज्यानी पराटी चोरीछुपी ठेयेल व्हई, त्यानी आजच लयी या. नही तं उद्या मन्हा शेजारले तुमनं नाव!"

वरच्या आळीत, नळावर, अक्कांचा हंडा भरून वाहत होता. मितूला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या वृषालीने हाक मारली, "अक्का, पाणी चाललंय."

अक्कांनी हात वर करून तिला थांबवलं. त्या भोंग्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"आयकू दे, माय," त्या म्हणाल्या. "इतलं चांगलं नाव शे. मी कधी लिधंच नही."